दर शुक्रवारी ड्रॉवरमध्ये पाकीट येतं, काय करू?

पत्र असं आहे. थोडं छोटं केलंय, आणि ऑफिस ओळखू येईल असं सगळं काढून टाकलंय.

"काका, नमस्कार. चार वर्षं अभ्यास करून सिलेक्शन झालं आणि तालुक्याच्या एका सरकारी ऑफिसात क्लार्क म्हणून लागले, पाच महिने झाले, प्रोबेशन चालू आहे. तिसऱ्या महिन्यापासून दर शुक्रवारी संध्याकाळी माझ्या ड्रॉवरमध्ये एक पाकीट असतं, त्यात १५०० रुपये. पहिल्यांदा वाटलं कोणीतरी भिशीचे चुकून ठेवले, म्हणून मी पाकीट हातात घेऊन सगळ्यांना विचारत फिरले तर सगळे हसले. आमच्या सेक्शनचे सीनियर, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात, ते म्हणाले अगं तुझ्या वाटणीचं आहे, ठेव. मी नको म्हटलं. पुढच्या शुक्रवारी परत आलंच. आत्तापर्यंत नऊ झाली. सात घरी कपाटात आहेत, एक रुपया खर्च केला नाहीये, दोन मी देवळाच्या दानपेटीत टाकली. मागच्या आठवड्यात स्पष्ट सांगितलं की मला हे चालणार नाही, तर भाऊसाहेब म्हणाले नको तर नको, पण मग तू इथे नोकरी करायला आलीस का आमच्यावर डोळा ठेवायला? तेव्हापासून कोणी डबा खायला बोलवत नाही. आई म्हणते सगळेच घेतात, तू मागायला तर गेली नव्हतीस ना, मग गप बस. बाबांच्या औषधांचा खर्च आहे, माझ्या क्लासचं कर्ज फेडायचंय. मी काय करू? तक्रार करू का? आणि दानपेटीत टाकलेले पैसे चालतील ना? - एक नवीन क्लार्क"

पोरी,

भिशीचं वाचून आधी हसलो, खरं सांगतो. पाकीट हातात घेऊन अख्ख्या ऑफिसला "हे कुणाचं" विचारत फिरलीस! मग हसू गेलं, कारण मला माझं पहिलं पाकीट आठवलं. मी पण क्लार्क म्हणूनच लागलो होतो, तेहतीस वर्षं काढली वेगवेगळ्या टेबलांवर, आणि पहिल्या दिवाळीला माझ्या पण हातात कोणीतरी पाकीट ठेवलं होतं. शंभराच्या तीन कोऱ्या नोटा. तू निदान विचारत तरी फिरलीस, मी ते गुपचूप खिशात घातलं आणि बायकोला साडी घेतली. हे मी या सदरात आधी कधी लिहिलेलं नाही, पण तुला सल्ला द्यायचा तर ते लपवून कसा देणार.

पुढचं ऐक. दिवाळीनंतर महिनाभराने एक म्हातारी आली, चौथ्यांदा. कागद सगळे कापडदुकानाच्या प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेले, प्रत्येक वेळी तीच पिशवी. तिची फाईल कुठे आहे मला माहीत होतं, कपाटात वरून चौथी, काहीही कमी नव्हतं तिच्यात, नुसती दाबून ठेवली होती कारण "वजन" आलं नव्हतं. मी उठलो, कपाटाकडे निघालो, तर आमचे सीनियर खुर्चीतून न हलता, चष्म्यावरून बघत, एकदम प्रेमाने म्हणाले, "काय रे, साडी आवडली का वहिनींना?"

बास. मी परत येऊन बसलो. म्हातारी गेली.

त्या तीनशे रुपयांचा हिशोब मला त्या दिवशी कळला. मी त्यांच्यासाठी काहीच काम केलं नव्हतं, फाईल मी दाबली नव्हती, पैसे मी मागितले नव्हते, मग मला का दिले, तर मी कपाटाकडे जाऊ नये म्हणून. तुझे पंधराशे पण त्याचेच आहेत. नवीन माणूस आला की त्याला हिस्सा देतात ते काय दानशूर आहेत म्हणून नाही, तर ज्याने घेतलंय तो बोलत नाही, तेरी भी चूप मेरी भी चूप. म्हणूनच तू नको म्हटल्यावर भाऊसाहेबांना पैसे वाचल्याचा आनंद झाला नाही, राग आला. डबा खायला बोलवत नाहीत तो त्याचाच भाग आहे. (दुसऱ्या दिवाळीला मी परत घेतलं होतं, हेही सांगतो, एका प्रसंगाने माणूस सुधारतो असं काही नसतं. तिसऱ्या वर्षी सोडलं.)

आता आधी घरातल्या त्या सात पाकिटांचं, कारण सगळ्यात मोठा धोका तिथे आहे आणि तुला तो दिसत नाहीये. तुला वाटतंय की मी खर्च केले नाहीत म्हणजे मी घेतले नाहीत. कायदा तसं बघत नाही गं. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ चा, त्याचं कलम ७ म्हणजे सरकारी माणसाने घेतलेली लाच, त्याला कमीत कमी ३ वर्षं आणि जास्तीत जास्त ७ वर्षं कैद आणि वर दंड, आणि त्यात स्पष्ट आहे की पैसे थेट घेतले की तिसऱ्या माणसाकडून आले याने काही फरक पडत नाही. शिवाय कलम २० असं आहे की पैसे स्वीकारले एवढं एकदा सिद्ध झालं की ते लाच म्हणूनच घेतले असं कोर्ट धरून चालतं, तसं नव्हतं हे तुलाच दाखवावं लागतं. उद्या तुमच्या ऑफिसात धाड पडली, कोणीतरी म्हणालं की सगळ्यांना वाटा जात होता, आणि तुझ्या कपाटात सात पाकिटं निघाली, तर "मी खर्च केले नव्हते" हे कोणाला पटवत बसशील? आणि समज ती पाकिटं भाऊसाहेबांनाच उद्या तुझ्याविरुद्ध वापरायची झाली तर? तुझ्या घरी काय आहे ते त्यांना माहीतच आहे की.

कोणीतरी तुला सांगेल की सात दिवसांत कळवलं की माफ असतं. ते अर्धवट ऐकलेलं आहे. २०१८ मध्ये कायदा बदलला तेव्हा लाच देणाराही गुन्हेगार ठरला आणि ज्याला जबरदस्तीने द्यावी लागली त्याने सात दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं तर तो सुटतो, असं आहे ते. देणाऱ्यासाठी. तू घेणाऱ्याच्या बाजूला बसली आहेस, मनाविरुद्ध का असेना.

म्हणून याच आठवड्यात फौजदारी केसेस लढवणारा एखादा वकील गाठ, शक्यतो तुमच्या तालुक्यातला नको, जिल्ह्याचा बघ, तालुक्यात सगळे सगळ्यांना चहाला भेटतात. त्याला नऊच्या नऊ सांग, दानपेटीतली दोन पण सांग. कोणत्या शुक्रवारी आलं, कोणी काय म्हटलं, तू कधी नको म्हणालीस, कोणासमोर, हे सगळं आजच बसून तारखा घालून लिहून काढ, आठवतंय तोवर. पाकिटं फोडू नकोस, त्यातले पैसे इकडचे तिकडे करू नकोस, आहेत तशी राहू दे. मग वकील सांगेल त्याप्रमाणे लेखी अर्ज करून ते पैसे जमा करायचे, ऑफिसप्रमुखांकडे किंवा ते स्वतःच त्यात असतील (तू त्यांच्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीयेस, ते मला खटकलं) तर त्यांच्या वरच्यांकडे किंवा सरळ लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे. आणि पोच घ्यायची. पोच घेतल्याशिवाय पैसे कोणाच्याही हातात द्यायचे नाहीत, भाऊसाहेबांच्या तर नाहीच नाही, त्यांच्या ड्रॉवरमध्ये गुपचूप परत टाकून यायचं असला सिनेमातला प्रकार करू नकोस, त्याने काहीच सिद्ध होत नाही. असं केल्याने तू शंभर टक्के सुटलीस असं मी म्हणणार नाही, पण स्वतःहून पुढे आलेला माणूस आणि घरात सापडलेला माणूस यात जमीनअस्मानाचा फरक आहे.

दानपेटीचं विचारलंस. देवाचं मला माहीत नाही, त्याचं त्याला. पण ज्या माणसाच्या खिशातून ते तीन हजार गेले त्याला ते मिळाले नाहीत आणि तुझ्या हातून ते खर्चच झाले, एवढं नक्की.

आता तक्रारीचं. तू थेट विचारलंस म्हणून थेट सांगतो, करावी, पण कशी होते ते माहीत असू दे. आपल्याकडे एसीबीचा, म्हणजे त्याच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा, टोल फ्री नंबर आहे १०६४, कोणीही लावू शकतं. पण सापळा लावायचा तर त्यांना असा माणूस लागतो ज्याच्याकडे पैसे मागितलेत, म्हणजे तुझ्यासारखी आतली मुलगी नाही तर खिडकीबाहेर उभा असलेला अर्जदार. तो तक्रार देतो, मग आधी पडताळणी होते, म्हणजे पंचांना घेऊन रेकॉर्डर लावून खरंच मागणी होते का ते बघतात, मग नोटांचे नंबर लिहून घेतात, नोटांना पावडर लावतात, आणि समोरच्याने पैसे घेतले की तक्रारदार ठरलेली खूण करतो आणि एसीबीवाले आत शिरतात. फिनॉल्फ्थॅलिनची पावडर असेल तर सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात हात बुडवले की पाणी गुलाबी होतं, अँथ्रासिन असेल तर अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली बोटं चमकतात. मी एका सापळ्यात पंच होतो, पंच बहुतेक वेळा दुसऱ्या ऑफिसातले सरकारी कर्मचारीच असतात, तुलाही कधीतरी पत्र येईल. एका काचेच्या ग्लासात एका माणसाने बोटं बुडवली आणि पाणी सरबतासारखं गुलाबी झालं, आणि तो माणूस पोलिसांकडे नाही बघत होता, त्या ग्लासाकडेच बघत होता, दोन मिनिटं तरी. मुलीचं लग्न होतं त्याच्या पुढच्या महिन्यात.

तेव्हा तू स्वतः सापळा लावायला जाऊ नकोस. तू दोन गोष्टी करू शकतेस. एक, तुझ्याकडे असलेली माहिती एसीबीला सांग, पाकिटांच्या अर्जासोबतच सांग, वकिलाला घेऊन. दोन, एखादा अर्जदार जर तुझ्यासमोर म्हणाला की माझ्याकडे मागतायत हो, तर त्याला १०६४ सांग. मोठ्याने नाही, भाषण देत नाही, नुसता नंबर सांग. घरी जाऊन ठरवेल तो. आणि त्याला हेही सांग की पैसे देण्याआधी कळवायचं, देऊन झाल्यावर नाही.

भाऊसाहेबांसारखी माणसं म्हणतील काही होत नाही गं, साक्षीदार फुटतात, निलंबित झालेले दोन वर्षांत परत खुर्चीवर येतात, तोवर निर्वाह भत्ता चालू असतोच. यातलं अर्धं खरं आहे. खटला चालवायला वरच्यांची मंजुरी लागते आणि ती रखडते, आणि तक्रारदार कोर्टात उलटतात हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण डिसेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच जजांच्या घटनापीठाने नीरज दत्ता खटल्यात सांगितलंय की तक्रारदार उलटला किंवा मरण पावला तरी बाकीच्या पुराव्यांवरून, परिस्थितीवरून मागणी आणि स्वीकार सिद्ध होऊ शकतो. त्यामुळे साक्षीदार फुटला की सुटलो हा जुना हिशोब आता तेवढा पक्का राहिलेला नाही. हे त्यांना ऐकवू नकोस. तुझ्यासाठी सांगतोय.

आणि धोका आहे का, तर आहे. सत्येंद्र दुबेचं नाव तुझ्या वयाच्या मुलांना माहीत असतं की नाही कोण जाणे. आयआयटी कानपूरचा इंजिनीअर, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात होता, सुवर्ण चतुष्कोनाच्या रस्त्यांच्या कामात काय चाललंय ते त्याने थेट पंतप्रधान कार्यालयाला लिहून कळवलं, माझं नाव गुप्त ठेवा असं लिहून. ते पत्र नावासकट एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्याला गोळी घातली. सीबीआयच्या तपासात तो लुटीचा प्रकार निघाला, माणसांना शिक्षा पण झाल्या, पण पत्र नावासकट फिरलं ही गोष्ट काही पुसली जात नाही. त्यानंतर तक्रारदाराला संरक्षण देणारा कायदा २०१४ मध्ये झाला खरा, पण मंजूर होऊन तसाच पडून राहिला, अंमलातच आणला नाही. मी हे तुला घाबरवायला नाही सांगत. तू एका तालुक्याच्या ऑफिसातल्या चहापाण्याबद्दल बोलतेयस, हजारो कोटींच्या रस्त्यांबद्दल नाही. पण तक्रारीचा कागद कोणाकोणाच्या हातातून जाणार हे आधी विचारायचं, त्याची झेरॉक्स ऑफिसच्या मशीनवर काढायची नाही, ऑफिसच्या ग्रुपवर रागाने काही टाकायचं नाही, आणि मैत्रिणीला सांगायचं झालं तरी एकीलाच.

हे सगळं झालं तक्रारीचं, आणि तक्रार एकदाच करायची असते. नोकरी मात्र तुला रोज करायची आहे, म्हणून आता जे सांगतो ते जास्त कामाचं आहे. तुमच्या ऑफिसात नक्की काय विकलं जातंय याचा विचार केलायस का कधी? सही विकत नाहीत, सही तर कायद्याने द्यायचीच असते. दाखला विकत नाहीत, तो ज्याचा त्याचाच असतो. विकतात तो उशीर. आधी उशीर तयार करायचा आणि मग तो घालवायचे पैसे घ्यायचे, असा तो धंदा आहे. आणि उशीर तयार करायची मशीन म्हणजे त्रुटी. तू पाहिलं असशीलच, माणूस अर्ज घेऊन आला की पहिल्या दिवशी सांगतात फोटो लहान आहे. तो फोटो आणतो, मग सांगतात प्रतिज्ञापत्र नाहीये. तो प्रतिज्ञापत्र आणतो, तोवर साहेब मीटिंगला. चौथ्या दिवशी बाहेर उभा असलेला एजंट त्याच्याजवळ येतो आणि म्हणतो काय मामा, किती खेपा झाल्या? त्या एजंटला कसं कळतं की चार खेपा झाल्या? आतून कळतं. सगळ्या त्रुटी पहिल्याच दिवशी दिसत असतात, सांगतात मात्र एकेक करून, लसणाच्या पाकळ्या सोलाव्यात तसं.

तू तुझ्या टेबलावर हा माल तयारच होऊ देऊ नकोस. अर्ज आला की त्याच मिनिटाला आवक नोंदवहीत नंबर घालून तारखेसह पोच दे, अर्जदाराने मागितली नाही तरी दे. जे कमी आहे ते सगळं एकदाच, एकाच कागदावर, तुझ्या सहीने लिहून दे, दुसरी त्रुटी काढायची जागाच ठेवू नकोस. फाईल पुढे गेली की ज्याच्याकडे गेली त्याची तारखेसह सही घे तुझ्या वहीत. यात तू कोणाचा भ्रष्टाचार उघड करत नाहीयेस, कोणाकडे बोट दाखवत नाहीयेस, तू नियमाप्रमाणे वागतेयस आणि नियमाप्रमाणे वागणाऱ्याला मेमो देणं फार अवघड असतं. २००५ चा जो बदल्यांचा कायदा आहे, त्याच्या नावातच पुढे विलंबाला प्रतिबंध असं आहे आणि ते कोणी वाचत नाही, त्यात म्हटलंय की साधारणपणे कुठलीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. आणि लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा, त्यात कुठली सेवा किती दिवसांत, फी किती, कोण देणार, याचा बोर्ड ऑफिसात लावायचा आहे, उशीर झाला तर लोकांना अपील आहे आणि अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. रक्कम किरकोळ आहे, पण ज्याच्या नावावर दंड लागतो त्याला ती किरकोळ वाटत नाही.

तुमच्या ऑफिसातला तो बोर्ड आहे का जागेवर? बघ एकदा. आमच्याकडे तो होता, पण त्याच्यासमोर लोखंडी कपाट आणून ठेवलं होतं. एक नवीन शिपाई आला होता, बिचारा भोळा, त्याने साफसफाईत कपाट सरकवलं आणि बोर्ड दिसायला लागला आणि दुसऱ्या दिवसापासून लोक बोट ठेवून विचारायला लागले की साहेब इथे तर पंधरा दिवस लिहिलंय. कपाट आठवड्यात परत जागेवर आलं. पण तेवढ्या आठवड्यात जेवढ्या फाईली निघाल्या तेवढ्या एरवी महिन्यात निघत नसत.

तुझ्यावर काय करतील तेही सांगतो, म्हणजे आलं की दचकणार नाहीस. आधी अबोला, तो सुरू झालाच आहे. मग कामाचा ढीग, चार जणांचं काम तुझ्या टेबलावर, त्यातून चूक झाली की लगेच लेखी खुलासा मागायचा. मग अफवा, आणि तू मुलगी आहेस त्यामुळे त्या कुठल्या प्रकारच्या असतील ते तुला वेगळं सांगायला नको. मग साइड पोस्टिंग किंवा बदली. प्रोबेशनमध्ये "काम समाधानकारक नाही" हा शेरा सगळ्यात सोपा असतो, म्हणून तुझं काम किती निघालं याची नोंद तुझ्याकडे तारखेसह असलीच पाहिजे, आणि कुठलाही खुलासा मागितला तर तोंडी उत्तर द्यायचं नाही, मुदतीत, लेखी, दोन परिच्छेदांत. मुदतीआधी बदली करायची तर त्याच २००५ च्या कायद्याप्रमाणे कारणं लेखी द्यावी लागतात, आणि ती नीट नसतील तर मॅट आहे, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, तिथे अशा बदल्या रद्द झालेल्या आहेत. पण दरवेळी लढायलाच पाहिजे असं नाही. मी स्वतः दोनदा अशा टेबलावर गेलो जिथे कुत्रं पण फिरकत नसे, आणि खरं सांगू, फार सुखाने झोप लागायची. डबा पण एकट्याने खायची सवय होते. मग हळूच एखादा येऊन बसतो शेजारी, त्याला पण पाकीट नको असतं, पण बोलायची हिंमत नसते. तुमच्या सेक्शनमध्ये पण असा एक असणार. आत्ता शोधू नकोस, येईल.

आणि भाऊसाहेबांना आता परत काही सुनवायला जाऊ नकोस. तू एकदा नको म्हणालीस, तेवढं बास. यापुढे पाकीट दिसलं तर तिथल्या तिथे, हात न लावता, सगळ्यांसमोर, साध्या आवाजात, "हे माझं नाही, कोणाचं आहे त्याने उचला", आणि त्याच संध्याकाळी तारखेसह ऑफिसप्रमुखांना दोन ओळींचं पत्र, आवकमध्ये नंबर घालून. ते स्वतःच त्यात असले तरी द्यायचं, कारण आवकला चढलेला कागद त्यांना पण गिळता येत नाही. नावं घ्यायची नाहीत, आरोप करायचा नाही, नुसतं "आज माझ्या टेबलावर एक पाकीट आढळले, ते माझे नाही". असं दोनदा केलंस ना, तर तिसऱ्यांदा कोणी ठेवणार नाही, कारण अंधारात केलेल्या गोष्टीची कागदावर नोंद झाली की त्यांना ताप येतो. दरवर्षी ऑक्टोबरच्या शेवटी दक्षता सप्ताहात आम्ही सगळे हात पुढे करून शपथ घ्यायचो, लाच घेणार नाही देणार नाही, आणि सगळ्यात खणखणीत आवाज कोणाचा असायचा ते तू ओळखलंच असशील. शपथेला ते घाबरत नाहीत गं. आवक नंबरला घाबरतात.

आईवर रागावू नकोस. ती म्हणतेय तू मागायला गेली नव्हतीस, तिच्या बाजूने ते बरोबर आहे, तिला पोरीची नोकरी दिसतेय आणि नवऱ्याची औषधं दिसतायत. तिला लाच वाईट वगैरे सांगत बसू नकोस, ते तिला माहीत आहे. तिला फक्त एवढं विचार की चार वर्षांनी घरी पोलीस आले आणि कपाट उघडायला लावलं तर तू काय सांगशील? मी माझ्या बायकोला त्या साडीचं खरं कारण सांगितलं तेव्हा तिने काहीच म्हटलं नाही. नंतर ती साडी तिने कधी नेसली नाही, बोहारणीला पण दिली नाही, ट्रंकेत ठेवून दिली, अजून आहे. क्लासच्या कर्जाचं म्हणशील तर बँकेत जाऊन हप्ता थोडा कमी करून मुदत वाढवून मिळते का विचार, आणि बाबांच्या औषधांसाठी वैद्यकीय प्रतिपूर्तीचे नियम आहेत, आईवडील तुझ्यावर अवलंबून असतील तर त्यांचा खर्च त्यात बसतो का ते तुमच्या आस्थापना शाखेत विचार. तो तुझा हक्क आहे आणि पाचपैकी चार नवीन लोक तो मागतच नाहीत, लाजतात.

आणि एक राहिलंच. तू लिहिलंस की पाकीट ड्रॉवरमध्ये असतं, म्हणजे ड्रॉवर उघडा असतो. उद्या येताना एक कुलूप घेऊन ये, चांगलं पितळी, आणि एक चावी गळ्यातल्या ओळखपत्राच्या दोरीला अडकव आणि दुसरी घरी ठेव. साहेबांनी विचारलं कुलूप कशाला तर सांग, सर, टेबलात अर्जदारांची मूळ कागदपत्रं असतात.